चौपन्न अंशांना वितळणारी साखर

कारखान्यात त्यांना सगळे पाकवाल्या मावशी म्हणत. खाण्याच्या पाकाशी त्यांचा काही संबंध नव्हता. घरी चहात साखर किती घालायची यावरूनही नवऱ्याशी त्यांची रोज कुरबुर व्हायची. पण कारखान्याच्या मागच्या अंगाला, पायऱ्या उतरून गेलं की जी लांबट खोली लागे, तिथे सव्वीस वर्षं त्यांनी एकच वस्तू बनवली होती. ती वस्तू आधी दाट, पिवळसर पाकासारखी असे, आणि मावशींची मर्जी राखली तर चार दिवसांनी पांढऱ्या खड्यांची होई. तिचं नाव ग्लुकल. लांबलचक पूर्ण नावही होतं, पण ते फक्त डब्यावरच्या चिठ्ठीवर असे.

मावशी आठवी शिकलेल्या. बाविसाव्या वर्षी त्या इथे काचेची भांडी धुवायला लागल्या. तेव्हाचे मुख्य रसायनतज्ज्ञ, ज्यांना सगळे जुने सर म्हणायचे, त्यांच्या लक्षात आलं की ही मुलगी भांडं धुऊन झाल्यावर उजेडाकडे धरून बघते, आणि नाही पटलं तर कुणी न सांगता पुन्हा धुते. त्यांनी तिला हाताशी घेतलं. साधं ग्लुकोज घ्यायचं, त्याच्या मोकळ्या टोकांवर व्हिनेगरच्या कुळातली झाकणं चढवायची, मग त्यातलं एक झाकण काढून त्या जागी ब्रोमिन बसवायचं, आणि शेवटी व्हिनेगरच्याच आम्लात जस्ताची भुकटी घालून ते ब्रोमिन आणि त्याच्या शेजारचं झाकण दोन्ही उपटून काढायची. तीन झाकणं तेवढी शिल्लक राहतात. असं म्हटलं की सोपं वाटतं. जुन्या सरांच्या हाताखालच्या दोन पदवीधरांनी या कामापुढे हात टेकले होते. ग्लुकल त्यांच्याकडून व्हायचं, पण खडा धरायचा नाही. गोंदासारखं भांड्याच्या बुडाशी बसून राहायचं. मावशींनी धरवून दाखवला. जुन्या खड्यांची चिमूट बाजूला ठेवायची आणि नव्या पाकात विरजणासारखी लावायची, काचेच्या कांडीने आतली भिंत खरवडायची आणि मग बिलकुल हलवायचं नाही, ही त्यांची रीत.

ही साखर कुणाच्या चहात जात नसे. औषधं शोधणाऱ्या प्रयोगशाळा ती मागवायच्या, कधी शंभर ग्रॅम, कधी पाव किलो. तेवढं मावशी एकट्या काचेच्या चंबूत करून द्यायच्या. मग जुने सर निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी डॉक्टरीणबाई आल्या. वय बत्तीस, रसायनशास्त्रातली मोठी पदवी, चालणं भराभर आणि बोलणं त्याहून भराभर. पहिल्याच महिन्यात त्यांनी एका औषध कंपनीकडून दहा किलोची मागणी आणली.

"दहा किलो?" मावशी म्हणाल्या. "मॅडम, चंबूत नाही मावायचं."

"चंबूत नाहीच करायचं. वरच्या मोठ्या भांड्यात करू. कृती तीच, फक्त सगळं शंभरपट."

"शंभरपट केलं की कृती तीच राहत नाही," मावशी म्हणाल्या. डॉक्टरीणबाई हसल्या, त्यांना ते जुन्या माणसांचं नेहमीचं बोलणं वाटलं. तरी त्यांनी मावशींना मोठ्या भांड्यापाशी उभं केलं, आणि मावशींनीही जस्त हात राखून घातलं, भांडं तापू दिलं नाही. जस्ताचं काम झालं आणि द्रावण गाळून ठेवलं, तेव्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. उरलं होतं फक्त त्यातलं आम्ल धुऊन काढणं, आटवणं आणि खडे धरवणं.

नेमकी त्याच दिवशी मावशींच्या नवऱ्याच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख आली. नवरा शिंपी. चौकातल्या गाळ्यात त्याचं दुकान, आणि मोतीबिंदूमुळे गेले सहा महिने सुईत दोरा ओवायला तो शेजारच्या घड्याळजीला हाक मारत होता. तारीख पुढे ढकलायचा प्रश्नच नव्हता. मावशींनी तीन दिवसांची रजा टाकली.

जाताना त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या, "मॅडम, नीट धुवा हं. धुण्यात कसूर नको."

"काळजी करू नका मावशी. कागदावर आहे सगळं."

कागदावर होतं, "सोड्याच्या पाण्याने धुवावे." जुन्या सरांच्या अक्षरात एवढंच वाक्य होतं. पुढचं मावशींच्या हातात होतं, आणि हात रजेवर गेले.

चौथ्या दिवशी सकाळी मावशी कामावर आल्या तेव्हा मागच्या खोलीत चांगलीच गर्दी होती. मॅनेजर स्वतः खाली उतरले होते. टेबलावर मोठ्या चौकोनी थाळ्या होत्या आणि त्यांत पांढरेशुभ्र, सुयांसारखे लांब खडे. उजेड पडला की चमचमत होते.

"या मावशी, या!" डॉक्टरीणबाईंचा चेहरा फुलला होता. "बघा तरी! विरजणसुद्धा लावावं लागलं नाही. काल दुपारी गार करायला ठेवलं आणि तासाभरात भरून आलं."

"तासाभरात?" मावशींनी विचारलं.

"तासाभरातसुद्धा नाही."

मावशींनी चष्मा लावला, चिमटीत एक सुई धरली, उजेडाकडे केली. कपाळावर आठ्या पडल्या. सव्वीस वर्षांत या साखरेने एकदाही त्यांना असं पटकन दर्शन दिलं नव्हतं. ती रुसायची, ताटकळत ठेवायची, चार दिवसांनी कुठे बुडाशी बारीक, जरा मळकट खडे दाखवायची. आणि हे काय, नवरीसारखं नटून बसलंय.

"हे आपलं नाही," मावशी म्हणाल्या.

मॅनेजरांनी घड्याळाकडे पाहिलं. "आपलं नाही म्हणजे? अकराला गाडी येतेय न्यायला."

"गाडी थांबवा साहेब. हा माल आपला नाही."

डॉक्टरीणबाईंचा चेहरा पडला, पण त्यांनी आवाज खाली ठेवला. "मावशी, मी तपासलंय. ब्रोमिनच्या पाण्याचा रंग उडाला, म्हणजे दुहेरी बंध आहे. काचपट्टीवर एकच ठिपका आला, म्हणजे भेसळ नाही, आणि तोही जवळजवळ नेहमीच्याच उंचीवर. मोठ्या यंत्रातल्या तपासणीसाठी बाहेर नमुना पाठवलाय, पण त्याचा निकाल यायला आठवडा लागेल. दिसायला चांगला आहे एवढ्यावरून तर आपण माल नाकारू शकत नाही ना?"

"वितळवून बघितलंत?"

डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. "नाही. ते राहिलं."

"मग तेवढं बघू. दहा मिनिटांचं काम आहे."

मावशींनी केसासारख्या दोन बारीक नळ्या घेतल्या. एकीत आपल्या कपाटातल्या बरणीतली जुनी साखर भरली, दुसरीत थाळीतले खडे कुटून भरले. दोन्ही एकाच थर्मामीटरला बांधल्या, एक डावीकडे, एक उजवीकडे, आणि तेलाच्या छोट्या भांड्यात सोडून खाली मंद आच लावली. मॅनेजर, डॉक्टरीणबाई आणि वरचे दोन कामगार, सगळे त्या एवढ्याशा भांड्यावर वाकले.

पन्नास. बावन्न. चौपन्नला डावी नळी घामेजली आणि पाहता पाहता पाणी झाली. उजवी जशीच्या तशी.

"थोडा वेळ लागेल तिला," मॅनेजर आशेने म्हणाले.

साठ झाले. सत्तर झाले. उजव्या नळीतली पांढरी रेघ हलायचं नाव घेईना. अठ्ठ्याहत्तरला ती एकदम, नीटसपणे वितळली.

"स्वच्छ आहे, एकच वस्तू आहे," मावशी म्हणाल्या. "पण आपली नाही."

मॅनेजर गाडी परत पाठवायला वर गेले. डॉक्टरीणबाई खुर्चीत बसल्या. मावशींनी थाळ्यांतून निथळून बाटलीत जमवलेलं पाणी हुंगलं आणि बाटली त्यांच्यापुढे धरली. आंबट वास नाकात चढला.

"धुताना काय झालं होतं?"

"फेस आला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सोड्याचं पाणी घातलं आणि फेस पार झाकणाबाहेर. माणसं घाबरली. मग थोडंच घातलं, एकदा पाण्याने धुतलं आणि पुढे गेलो. आटवून झाल्यावर पाक नळीत अडकेल अशी भीती वाटली, म्हणून स्पिरिटमध्ये विरघळवून दोन दिवस भांडं गरम ठेवलं." बोलता बोलता त्यांचा आवाज हळू झाला. मग एकदम त्यांनी पेन उचललं. "आम्ल राहिलं. जस्ताचे क्षार राहिले. आणि स्पिरिट, आणि ऊब. अरे देवा, मावशी, मी हे परीक्षेत लिहिलंय! या बदलाला पुस्तकात शोधणाऱ्याचं नाव आहे!"

त्यांनी कागदावर षट्कोन काढला. साखरेचं कडं, त्यात एका जागी दोन रेघा. त्या दोन रेघांच्या एका टोकाला स्पिरिट येऊन चिकटलं, पलीकडच्या शेजाऱ्याचं झाकण गळून पडलं, आणि दोन रेघा एक घर पुढे सरकल्या. मावशींना कडं ओळखीचं होतं. जुन्या सरांनी ते फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं. रेघा सरकतात हे मात्र त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

"म्हणजे बिघडली नाही," मावशी हळूच म्हणाल्या. "बदलली."

दुपारी मॅनेजरांनी दोघींना वर बोलावलं. त्यांचा पहिलाच प्रश्न होता, "चूक कोणाची?"

"माझी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धुणं अर्धवट सोडलं ते माझ्या सांगण्यावरून."

मावशी उभ्याच होत्या. "अर्धी माझी," त्या म्हणाल्या. "मी नीट धुवा म्हणाले. नीट म्हणजे किती, ते सांगितलं नाही. सव्वीस वर्षांत कुणालाच सांगितलं नाही."

"का नाही सांगितलं?" मॅनेजरांनी विचारलं.

मावशींनी खरं ते सांगून टाकलं. "कुणी विचारलं नाही हे एक. आणि माझ्यावाचून अडतं, हे मला बरं वाटायचं, हे दुसरं."

कंपनीकडून मॅनेजरांनी तीन आठवडे मागून घेतले होते. ते तीन आठवडे दोघींनी कसे वापरायचे ते दोघींनी बघावं, एवढंच म्हणाले.

घरी नवरा एका डोळ्यावर पट्टी बांधून गॅलरीत बसला होता. शिवायची मनाई, वाचायची मनाई. तीन दिवसांत त्याला जग नकोसं झालं होतं. मावशींनी सगळी हकीकत सांगितली. त्याने ऐकून घेतलं आणि मग विचारलं, "अगं, पण त्या दोन रेघा दोन रेघा म्हणजे काय असतं?"

"कड्यातल्या दोन मण्यांनी एकमेकांना दोन हातांनी धरलेलं असतं. बाकीच्या मण्यांचा एकेकच हात."

"दुहेरी शिवण म्हण की," नवरा म्हणाला. "एक टाका उसवला तरी कापड सुटत नाही. आणि उसवलेल्या दोऱ्यावर नवा तुकडा लावता येतो."

जुन्या सरांनी एवढी वर्षं सांगितलेलं मावशींना इतकं लख्ख कधी कळलं नव्हतं. "हो! म्हणूनच तर औषधवाले ही साखर मागतात. साध्या साखरेला सगळीकडून सारखीच झाकणं, नवीन काही कुठे लावायचं कळत नाही. हिला नेमकी जागा आहे."

"आणि परवा तिथे कुणी न विचारता तुकडा लावला."

"स्पिरिटने लावला. आणि शिवण सरकली पुढे."

"सरकली तरी दुहेरीच राहिली ना?" नवऱ्याने विचारलं. "मग कापड कामाचं आहे. फेकू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई वही घेऊन मागच्या खोलीत येऊन बसल्या. "सांगा मावशी. पहिल्यापासून."

"जस्त घालताना भांडं गार हवं."

"गार म्हणजे किती?"

"हात लावल्यावर बरं वाटेल इतकं."

"मावशी, हात वहीत कसा लिहू? अंश सांगा."

मावशींनी पाणी घेतलं, बर्फ घातला, हात लावून बघितला, अजून दोन खडे घातले, परत हात लावला. "हं. एवढं." डॉक्टरीणबाईंनी थर्मामीटर बुडवला. बारा. दुसऱ्यांदा केलं तरी बारा, तिसऱ्यांदा पावणेबारा. डॉक्टरीणबाईंनी तोंडात बोट घातलं. "सव्वीस वर्षं हा हात थर्मामीटर होता!"

धुण्यावर सगळ्यात जास्त वेळ गेला. सोड्याचं पाणी किती वेळा? फेस थांबेपर्यंत. फेस थांबला हे कशावरून? कान लावायचा, आत चुरचुर ऐकू येत नाही. कान वहीत लिहिता येईना, तेव्हा मावशींनी कपाटातून लिटमसचे कागद काढले. "तांबडा कागद निळा झाला पाहिजे, आणि पुन्हा पाण्याने धुतल्यावर निळा कागद निळाच राहिला पाहिजे. तोवर पुढे जायचं नाही. बॉस आला तरी नाही." ते शेवटचं वाक्यही डॉक्टरीणबाईंनी वहीत लिहिलं, आणि मॅनेजरांनी नंतर त्यावर सही केली.

दुसऱ्या खेपेला वरच्या मोठ्या भांड्यापाशी मावशी स्टूल टाकून बसल्या. सोड्याचं पाणी त्यांनी बादलीने ओतू दिलं नाही. लोट्याने, धार लावून, मध्ये थांबत. फेस गळ्यापर्यंत यायचा आणि खाली बसायचा. कामगार कंटाळले, डॉक्टरीणबाई तीनदा येऊन बघून गेल्या, मावशी हलल्या नाहीत. पाच वेळा धुणं झालं. आटवताना ऊब बेताची, आणि नळीत अडकू नये म्हणून पाक कोमट असतानाच खाली उतरवला. मग विरजण लावलं, कांडीने खरवडलं, झाकण ठेवलं.

पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई सकाळीच हजर. नुसता पाक. तिसऱ्या दिवशी त्यांनी झाकणाला हात घातला. "मावशी, नाही धरला तर?"

"धरेल. झाकण उघडू नका."

"तुम्हाला एवढी खात्री कशी?"

"पाचव्यांदा धुतल्यावर कागद माझ्यासमोर निळा राहिला होता. आता त्याला न धरायला काही कारण नाही," मावशी म्हणाल्या आणि दुसऱ्या कामाला लागल्या.

चौथ्या दिवशी दुपारी बुडाशी खडे होते. बारीक, दाटीवाटीने बसलेले, दिसायला काही विशेष नाही. डॉक्टरीणबाईंनी स्वतः नळी भरली. चौपन्न. पुन्हा भरली. चौपन्न. त्यांनी मावशींना गच्च मिठी मारली. "अहो मॅडम, ॲप्रनला ॲसिड आहे माझ्या!" मावशी ओरडल्या.

माल गेला, आणि कंपनीने पुढच्या तिमाहीसाठी पुन्हा मागितला. राहता राहिल्या त्या सुया. बाहेरच्या यंत्राचा निकाल आला होता. डॉक्टरीणबाईंनी कागदावर काढलं होतं तेच निघालं. मॅनेजर तो ड्रम टाकाऊ मालात पाठवायला निघाले होते. मावशींनी त्यांना जिन्यात गाठलं.

"साहेब, टाकू नका. दुहेरी शिवण अजून शाबूत आहे."

"कसली शिवण?"

डॉक्टरीणबाई मागून आल्या आणि त्यांनी समजावून सांगितलं. काही औषधांच्या रेणूंना ज्या साखरा लागतात त्यांत दोन-तीन ठिकाणी काहीच नसतं, मोकळं असतं. आणि तसल्या साखरा बनवायला नेमकी ही सरकलेली साखर सोयीची पडते. त्यांनी चार प्रयोगशाळांना पत्रं लिहिली. दोन ठिकाणांहून उत्तर आलंच नाही, एकीने नको म्हटलं. चौथीने सगळा ड्रम मागितला, आणि महिन्याने विचारलं, आणखी कधी द्याल?

अशी कारखान्यात दुसरी साखर सुरू झाली. या वेळी चुकून नाही, ठरवून. आम्ल उरायची वाट बघायची नाही. स्वच्छ ग्लुकल घ्यायचं, स्पिरिट घालायचं आणि आयोडिनची चिमूट टाकायची. पहिली खेप मावशींनीच केली. तपकिरी रंग चढला, ठरल्या वेळी त्यांनी दुसरं पाणी घालून आयोडिनचा जोर मारला, रंग उतरला, धुतलं, आटवलं, गार करायला ठेवलं. अर्ध्या तासात थाळीभर सुया. अठ्ठ्याहत्तर अंश, बरोबर.

मावशींनी एक सुई चिमटीत धरली आणि परत थाळीत टाकली. "हिच्यात मजा नाही बाई," त्या डॉक्टरीणबाईंना म्हणाल्या. "बोलावलं की येते."

"मग ही दुसऱ्या कुणाला शिकवा. तुमची रुसणारी तुमच्याकडेच ठेवा."

"रुसणारीपण शिकवणार आहे," मावशी म्हणाल्या. "वहीत लिहिलंय आता सगळं. वरच्या दोघांना सोमवारपासून बसवते."

त्यांनी भांडी धुतली, उजेडाकडे धरून बघितली, ॲप्रन खुंटीला लावला आणि अडीच वाजताच बाहेर पडल्या. चौकातल्या गाळ्यात नवरा नव्या डोळ्याने एका कोटाची बाही लावत होता. त्याने मान वर करून घड्याळाकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"काय गं, बरं वाटत नाही का?"

"बरं आहे. काम संपलं."

"एवढ्या लवकर?"

"हो," मावशी म्हणाल्या, आणि स्टूल ओढून त्याच्या शेजारी काजं करायला बसल्या.